कॅप्चर कार्ड सगळ्यात आधी नाही, सगळ्यात शेवटी घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत कॅप्चर कार्डवर मी जेमतेम चार मिनिटं बोललो. विषय मोठा आहे आणि यात तुमचे पैसे अडकतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

निमित्त झालं आमच्या रविवारच्या बॅचमधल्या एका मुलाचं. वय बावीस, एका गोडाऊनमध्ये नोकरी, घरी भावाचा पीएस५. त्याला मराठीतून गेमिंग चॅनेल काढायचं आहे. बाजूला टाकलेले पंचवीस हजार रुपये आहेत. मोबाईलवर दोन कार्डं उघडून माझ्यासमोर धरली. एक नऊशे रुपयांचं, दुसरं एकोणीस हजारांचं. म्हणाला, "सर, यातलं कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, "आत्ता कुठलंच नको."

त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी त्याचा उत्साह मारतोय. तसं नाही. कार्ड घ्यायचंच आहे, पण ते खरेदीच्या यादीत शेवटच्या ओळीत असलं पाहिजे. बहुतेक जण ते पहिल्या ओळीत लिहितात आणि तिथेच फसतात. मीसुद्धा फसलोय.

आधी माझी चूक ऐका

२०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मांजरीतलं माझं मोबाईल-कॉम्प्युटर ॲक्सेसरीजचं दुकान सुरू होतं, पण लॉकडाऊननंतर गल्ला भरत नव्हता. हडपसर बाजूच्या एका गेमिंग पार्लरवाल्यांनी विचारलं, "आमच्याकडे फुटबॉल गेमची टूर्नामेंट आहे. सगळ्या मॅच रेकॉर्ड करून द्याल का?" तीन हजार ठरले. मी हो म्हणून मोकळा झालो.

ऑनलाइन एक छोटं कार्ड मागवलं, सातशे रुपयांचं. खोक्यावर मोठ्या अक्षरात "४के" छापलेलं, यूएसबीची पिन निळी. मी घरी लॅपटॉपला दुसरा लॅपटॉप जोडून बघितलं, चित्र आलं, खूश झालो. पीएस४ ला लावून बघितलंच नाही.

टूर्नामेंटच्या दिवशी कार्ड लावलं तर स्क्रीन काळी. वीस पोरं मागे उभी, पार्लरवाले घड्याळ बघतायत. अर्ध्या तासाने एका पोरानेच सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय बंद करून दिला, तेव्हा चित्र आलं. नंतर कळलं की खेळ अडखळत रेकॉर्ड होतोय आणि आवाज मोनो येतोय. त्यात फायनलच्या वेळी लाईट गेली. लॅपटॉप चालू राहिला, पण जुनी बॅटरी दहा मिनिटांत संपली आणि एमपी४ मध्ये चाललेली फाईल उघडलीच नाही.

तीन हजार परत केले. सातशेचं नुकसान मी कधीच विसरलो. पण त्या पार्लरवाल्यांचा फोन पुन्हा आला नाही आणि त्यांच्या ओळखीतून येणारी कामंही गेली. धंद्यात स्वस्त वस्तूची खरी किंमत ही अशी मोजावी लागते.

कार्ड नक्की काय करतं?

कन्सोलमधून एचडीएमआय केबलने टीव्हीकडे जाणारं चित्र कार्ड मध्येच घेतं आणि यूएसबीतून लॅपटॉपला देतं. लॅपटॉपवर ओबीएससारखं मोफत सॉफ्टवेअर ते रेकॉर्ड करतं किंवा लाईव्ह पाठवतं. बस, एवढंच काम.

चांगल्या कार्डाला एचडीएमआयची दोन तोंडं असतात. एकातून चित्र आत येतं, दुसऱ्यातून जसंच्या तसं टीव्हीला जातं. आपल्या बाजारात याला "लूप आऊट" म्हणतात, कंपन्या "पास-थ्रू" म्हणतात. हे महत्त्वाचं का? कारण लॅपटॉपच्या स्क्रीनवर चित्र थोडं उशिरा दिसतं. बटण आत्ता दाबलं, खेळाडू क्षणभराने हलला, असं होतं. टीव्हीकडे बघून खेळायचं आणि लॅपटॉपने फक्त रेकॉर्ड करायचं, ही बरोबर पद्धत. एकच तोंड असलेल्या कार्डावर हे जमत नाही.

पहिले दहा व्हिडिओ फुकट करा

त्या मुलाला मी विचारलं, "पीएस५ च्या कंट्रोलरवर क्रिएट नावाचं बटण आहे, ते कधी दाबलंस?" नव्हतं दाबलं.

पीएस५ स्वतःच एका वेळी एक तासापर्यंतचा खेळ रेकॉर्ड करतो, माइकचा आवाजही त्यात घेता येतो. थेट यूट्यूबवर लाईव्हही जाता येतं. साधा पीएस४ सुद्धा एक तासापर्यंत जातो, फक्त चित्र ७२०पी येतं. एक्सबॉक्सला बाहेरची हार्ड डिस्क जोडली की तोही एका तासापर्यंत जातो.

अडचण निन्टेन्डो स्विचची. तो स्वतःहून फक्त मागचे ३० सेकंद जपतो. आता उदाहरण बघा. "राजी: ॲन एन्शंट एपिक" हा गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. ऑगस्ट २०२० मध्ये तो सगळ्यात आधी स्विचवर आला, पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्सवर नंतर. पुण्यात बनलेला, आपल्या पुराणकथांच्या वातावरणातला गेम मराठीतून समजावून सांगणारी मालिका करायची, तीही स्विचवर खेळून, तर तिथे कार्डाशिवाय गत्यंतर नाही. आणि एक लक्षात ठेवा, स्विच लाइटमधून टीव्हीला चित्र जातच नाही, म्हणून तिथे कार्डाचाही उपयोग नाही. साधा स्विच डॉकमध्ये बसवला तरच चित्र बाहेर येतं.

म्हणजे तुमच्याकडे पीएस५ असेल तर पहिल्या दहा व्हिडिओंना कार्डाची गरज नाही. आणि दहा व्हिडिओ करून झाल्यावरच कळतं की आपल्याला हे काम झेपतं का, बोलता येतं का, रात्री एक वाजता एडिटिंगला बसवतं का. मी बरेच जण बघितलेत, ज्यांचं कार्ड तिसऱ्या व्हिडिओनंतर कपाटात गेलं.

खोक्यावरच्या "४के"चा अर्थ

आता सगळ्यात मोठी फसगत. खोक्यावर ४के लिहिलंय म्हणजे ४के रेकॉर्ड होतं, असं नाही. बऱ्याचदा अर्थ एवढाच असतो की ४के सिग्नल कार्डात आत येऊ शकतो. बाहेर काय पडतं ते खाली बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच.

थोडं गणित करू, सोपं आहे. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरा आणि सेकंदाला ६० फ्रेम. हे सेकंदाला साधारण २५० मेगाबाइट होतं, म्हणजे जवळपास २ गिगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट. चारपट माल या पाइपातून जाणार कसा? दाबूनच. म्हणून स्वस्त कार्ड प्रत्येक फ्रेमचा जेपीईजी फोटो करून पाठवतं. गवत, पाऊस, धूर, वेगाने पळणारी गाडी, जिथे बारकावे जास्त तिथे चित्र फाटल्यासारखं दिसतं.

हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या या कार्डांत बहुधा एमएस २१०९ नावाची चिप असते. ती १०८०पीला सेकंदाला ३० फ्रेमच देते. आवाज स्टिरिओ असूनही लॅपटॉपला मोनो म्हणून दाखवते. माझ्या बाबतीत झालं ते हेच. कार्ड बिघडलेलं नव्हतं, ते जेवढं करू शकत होतं तेवढं करत होतं. मीच त्याच्याकडून जास्त अपेक्षा केली.

निळ्या पिनेवरही जाऊ नका. निळं प्लास्टिक लावायला कुणाची परवानगी लागत नाही. तपासायची पद्धत सांगतो. तापकीर गल्लीत किंवा कुठेही खरेदीला जाताना लॅपटॉप सोबत न्या, त्यात ओबीएस आधीच टाकून ठेवा. कार्ड लावा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, १०८०पी निवडा आणि फॉरमॅट वायूवाय२ करा. तिथे फ्रेमच्या यादीत ५ हा आकडा दिसला, तर आत यूएसबी २.० आहे, दुकानदार काहीही म्हणो. ६० दिसला तर माल बरोबर.

पण यूएसबी २.० म्हणजे वाईटच, असाही नियम नाही. ॲव्हरमीडियाचं लाईव्ह गेमर मिनी यूएसबी २.० वरच चालतं आणि तरी १०८०पीला ६० फ्रेम नीट देतं. कारण व्हिडिओ दाबायचं काम करणारा एन्कोडर त्याच्या आतच बसवलाय. म्हणून एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. बाहेर काय पडतं ते विचारा.

ती काळी स्क्रीन

पीएस४ आणि पीएस५ वर एचडीसीपी नावाचं संरक्षण चालू असतं. ते चालू असेपर्यंत कार्डाला काळं चित्र मिळतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे एचडीसीपी बंद करायचं. पीएस५ वर ते सिस्टिममध्ये एचडीएमआय या भागात आहे. बंद असताना नेटफ्लिक्ससारखी ॲप चालत नाहीत, काम झालं की पुन्हा चालू करा. दुसऱ्याच्या पार्लरमध्ये गेलात तर हे नक्की करा, नाहीतर रात्री फोन येतो. एक्सबॉक्स आणि स्विचवर गेम खेळताना ही अडचण येत नाही. पीएस३ वर मात्र हा पर्यायच नाही.

आणि लाईट. आपली मांजरी २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण लाईट जायची ती जातेच. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा. मध्येच बंद पडलं तरी तोवरचं वाचतं. नंतर ओबीएसमधूनच त्याचं एमपी४ करता येतं. हे मला फायनलच्या आधी कुणी सांगितलं असतं तर!

मग घ्यायचं कुठलं?

माझं मत स्पष्ट सांगतो. पटलं नाही तर सोडून द्या.

सातशे-नऊशेवालं कार्ड गेमप्लेसाठी घेऊ नका. शिकण्यापुरतं, हात बसवण्यापुरतं चालेल. पैसे घेऊन केलेल्या कामाला चालणार नाही.

बजेट तीन हजारांच्या आसपास असेल तर यूएसबी ३.० वालं, एमएस २१३० चिपचं, लूप आऊट असलेलं कार्ड बघा. ते १०८०पीला ६० फ्रेम देतं. पण नाव नसलेल्या मालात चिप बदलून येते. म्हणून वरची तपासणी करूनच पैसे द्या.

काम नियमित सुरू झालं असेल, गिऱ्हाईक पैसे देत असेल, तर दहा हजारांच्या आसपासचं नाव असलेलं कार्ड घ्या. लाईव्ह गेमर मिनी याच गटात येतं. त्याचा लूप आऊट १०८०पीपर्यंतच आहे. तुमच्या घरी टीव्ही साधा फुल एचडी असेल तर काही बिघडत नाही.

टीव्ही ४के असेल आणि खेळताना ४के सोडायचं नसेल, तर एल्गाटोचं एचडी६० एक्स किंवा त्याच्या तोडीचं. ते टीव्हीला ४के ६० फ्रेम जाऊ देतं, रेकॉर्ड १०८०पीला ६० किंवा ४केला ३० करतं. हे वीस हजारांच्या घरात जातं. सुरुवातीला याची गरज मला तरी दिसत नाही. तुमचे बहुतेक प्रेक्षक मोबाईलवर बघणार आहेत.

लॅपटॉप जुना असेल तर आणखी एक मार्ग आहे. ॲव्हरमीडियाच्या लाईव्ह गेमर पोर्टेबल २ प्लससारखी कार्डं लॅपटॉपशिवाय थेट मेमरी कार्डवर रेकॉर्ड करतात. पार्लरच्या कामाला हे सोयीचं.

ऑनलाइन घेताना एक बघा, भारतातली वॉरंटी आहे का. बाहेरून आणलेला माल हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो आणि बिघडल्यावर कुणी दारात उभं करत नाही. पक्कं बिल घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर टाकून घ्या, व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूचं क्रेडिट मिळतं.

आता हिशेब

बीबीएला ब्रेक-इव्हन शिकलो तेव्हा ते फक्त परीक्षेत येणारं वाटायचं. दुकानात बसल्यावर कळलं ते काय आहे.

समजा कार्ड १२ हजारांचं. दोन चांगल्या एचडीएमआय केबल हजाराच्या. रेकॉर्डिंग ठेवायला बाहेरची एसएसडी ५ हजारांची. एकूण १८ हजार. एसएसडी का, तर १२ मेगाबिटने रेकॉर्ड केलं तरी एका तासाला साडेपाच जीबी लागतात आणि एका टूर्नामेंटचे सहा-सात तास सहज होतात.

आता समजा एका कामाचे १,५०० मिळतात. पेट्रोल, चहा, इंटरनेट मिळून ३०० गेले. हातात १,२००. अठरा हजार भागिले बाराशे, पंधरा. म्हणजे पंधरा कामं झाल्यावर तुमचा पहिला रुपया सुटतो. आता स्वतःला विचारा, पुढच्या सहा महिन्यांत पंधरा कामं देणारी माणसं मला माहीत आहेत का? नावं लिहा. पाच नावंही येत नसतील तर कार्ड थांबू द्या. आधी माणसं शोधा.

"मी ऑर्डर घेणार नाही, चॅनेलच चालवणार" असं म्हणत असाल तर तोही हिशेब करू. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं लागतं. शॉर्ट्सचा रस्ता धरला तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. एक माणूस सरासरी चार मिनिटं थांबला असं धरलं, तर ४,००० तासांना ६० हजार व्ह्यूज लागतात. अशक्य नाही, पण पहिल्या महिन्याचा ईएमआय यातून जाणार नाही.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान सात गेमर्सना भेटले, त्यात आपल्या मुंबईचे मिथिलेश पाटणकरही होते. तो व्हिडिओ बघून बऱ्याच पोरांनी ठरवलं की हेच करायचं. करा की! पण तिथवर पोचलेल्यांची मागची वर्षं त्या व्हिडिओत दिसत नाहीत, आणि कार्ड हप्त्यावर घेतल्याने ती वर्षं कमी होत नाहीत.

एका कामावर कार्ड घेऊ नका

कॅप्चर कार्डाला समोर कन्सोल आहे की कॅमेरा, हे कळत नाही. एचडीएमआयमधून स्वच्छ चित्र देणारा कुठलाही कॅमेरा त्याला जोडता येतो. क्लासचं लेक्चर, सोसायटीचा गणपती, गावच्या मैदानावरची कबड्डी, साखरपुडा, सगळं त्याच कार्डातून लाईव्ह जातं. आपल्या भागात गेम रेकॉर्ड करून मागणारे मोजके. आपल्याकडे बहुतेक पोरं मोबाईलवर खेळतात, कन्सोल थोड्यांकडे. पण लाईव्ह करून मागणारे दर महिन्याला भेटतात. मी आज जे कार्ड वापरतो, त्याचे पैसे एका क्लासवाल्या सरांच्या लेक्चर्समधून वसूल झाले. गेमच्या टूर्नामेंटची कामं नंतर पुन्हा आली, तेव्हा कार्ड आधीच माझं होतं.

आपल्या मांजरीच्या उपबाजारात भाजी घ्यायला येणारा किरकोळ विक्रेता बघा. आधी आपलं गिऱ्हाईक किती ते मोजतो, मग क्रेट उचलतो. उलटं केलं तर संध्याकाळी माल सुकतो. आपलंही तसंच आहे.

त्या मुलाचं काय झालं? त्याला मी एक कागद दिला आणि चार गोष्टी लिहायला सांगितल्या. कन्सोल कुठला, टीव्ही किती पीचा, लॅपटॉपला खरा यूएसबी ३.० पोर्ट आहे का, आणि पहिले पाच पैसे देणारे कोण. पहिल्या तीन ओळी लगेच भरल्या. चौथी रिकामी होती. कागद घडी करून खिशात ठेवला आणि निघाला. काल रात्री त्याने पहिला व्हिडिओ पाठवला, क्रिएट बटण दाबून केलेला. आवाज बारीक आहे, मध्येच आईने हाक मारलेली ऐकू येते. पण आठ मिनिटं तो न थांबता मराठीत बोललाय. माइक तोंडाजवळ घे, एवढंच मी त्याला कळवलं.

तुम्हीही त्याच चार ओळी आज लिहून काढा. पुढच्या व्हिडिओत ओबीएसची सेटिंग्ज करून दाखवतो, आवाजाचे वेगळे ट्रॅक कसे ठेवायचे तेही बघू. भेटूया.